रांजण कोण भरतं?

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरची नमाज सुटली की आमच्या हिल्फाया गावात पाय ठेवायला जागा उरायची नाही. नाईलच्या पलीकडून होडीने माणसं यायची, कना शहराकडून टेम्पो भरभरून यायचे. खोकला न थांबणारी पोरं, पाळणा न हललेल्या सुना, गुडघे धरलेले म्हातारे, परीक्षेत तीनदा आपटलेला एक धिप्पाड मुलगा आणि त्याच्याहून धिप्पाड त्याची आई. सगळे वसीला मावशीच्या दारातल्या बोरीखाली दाटीवाटीने उभे राहायचे. बोरीखाली लोखंडी तिवई, तिवईवर राखाडी मातीचा रांजण, रांजणावर लाकडी झाकण, आणि झाकणावर हात ठेवून शेख अबुल वफा.

"दुपारी तुमच्यापैकी कोणी आत डोकावलं होतं?" शेख विचारायचा.

"मी! मी डोकावलो होतो!"

"काय दिसलं?"

"तळ दिसला, शेखसाहेब. वीतभर पाणी असेल नसेल."

"वीतभर! ऐकलंत? आणि त्यानंतर इथे कोण थांबलं?"

"कोणी नाही!" सगळे एका सुरात ओरडायचे.

"कोणी नाही. कारण दुपारच्या नमाजेपासून तिसऱ्या प्रहरच्या नमाजेपर्यंतची वेळ फरिश्त्यांची आहे. माणसाने घरी जाऊन झोपावं आणि फरिश्त्यांना काम करू द्यावं. आता बघा!"

झाकण बाजूला व्हायचं. हिरवा दोरा बांधलेली खजुरीची काठी शेख आत बुडवायचा, वर काढायचा, आणि काठी दोऱ्यापर्यंत ओली असायची. बायका रडायला लागायच्या. पुरुष एकमेकांचे खांदे धरायचे.

"नळाचं पाणी टाकीतून येतं," शेख आवाज चढवायचा. "टाकीत पंप चढवतो. पंप विजेवर चालतो आणि वीज कशावर चालते ते सरकारलाही ठाऊक नाही! हे पाणी मात्र थेट वरून येतं, बंधूंनो. ना पंप, ना वीज, ना बिल!"

एकदा मागून एका शेतकऱ्याने विचारलं, "शेखसाहेब, माझं गाढव लंगडतंय. त्याला पाजलं तर चालेल का?"

"नियत साफ असेल तर गाढवालाही गुण येतो."

"माझी नियत की गाढवाची?"

लोक हसले, शेखही हसला. पक्का होता तो. हसणाऱ्या माणसावर लोकांचा लवकर विश्वास बसतो. मग त्याच हसऱ्या तोंडाने त्याने सांगितलं की दुसरीकडे सत्तर वेळा दान करा नाहीतर इथे एकदा करा, वरच्या दरबारात दोन्ही सारखंच. त्या दिवशी रांजणाच्या सेवकासाठी, म्हणजे त्याच्याचसाठी, साखरेची दोन पोती, काकवीचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एक अख्खा मेंढा आला.

मी फिक्रिया. गावच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवते. या असल्या गमतीजमती मी पुष्कळ बघितल्या आहेत आणि त्यांच्यावर मनसोक्त हसले आहे. याही वेळी हसतच बसले असते. पण त्या गर्दीत बखीत उभा होता आणि त्याच्या खांद्यावर बुदूर होती.

बुदूर दहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया होता, म्हणजे तिच्या अंगात चांगलं रक्त तयारच होत नसे. दर तीन आठवड्यांनी कनाच्या रुग्णालयात जाऊन एक पिशवी चढवून आणायची, मग ती तीन आठवडे धावायची, भांडायची, पाढे म्हणायची. तिथला नियम असा, की एक पिशवी न्यायची तर एका माणसाने एक पिशवी द्यायची. बखीत उसाच्या मळ्यात मजुरी करणारा. तो आणि त्याची बायको सनिया किती वेळा देणार? म्हणून नूबी न्हाव्याने गावातल्या बारा जणांची पाळी लावली होती. त्याच्या दुकानातल्या आरशावर तो कागद चिकटवलेला असे. दाढीचा फेस लावून बसलेल्या गिऱ्हाइकाला तो वस्तरा दाखवून विचारायचा, "पुढची पाळी तुझी आहे. तिकडे सुईने देतोस की इथे वस्तऱ्याने?" सहा वर्षं एकही पाळी चुकली नव्हती. गरीब गाव आमचं, पण एका पोरीला त्याने सहा वर्षं आपल्या दंडातून जगवलं होतं. मला या गावाचा अभिमान वाटायचा, आणि तो खोटा नव्हता.

रांजणाचीही सुरुवात खोटेपणातून झाली नव्हती. तो रांजण वसीला मावशीने आपल्या शाजलीच्या नावाने ठेवला होता. शाजली तिचा एकुलता एक. कैरोला बांधकामावर गेला आणि परांचीवरून पडून बाविसाव्या वर्षी गेला. मेलेल्याच्या नावाने तहानलेल्याला पाणी पाजायचं, याहून मोठं दान आमच्याकडे मानत नाहीत. सात वर्षं मावशी रोज आपल्या हाताने रांजण भरत आली.

या वर्षी थंडी संपता संपता तिचं खुब्याचं हाड मोडलं. दोन आठवडे ती रुग्णालयात होती. परत आणली तेव्हा मी टेम्पोत तिच्या शेजारी होते. उतरल्या उतरल्या ती घरात न जाता रांजणाकडे गेली, काठीवर रेलून झाकण उघडलं आणि मटकन खाली बसली.

"भरलाय गं, फिक्रिया! काठोकाठ भरलाय! माझ्या शाजलीने भरला!"

मी त्या दोन आठवड्यांत दोनदा रांजण भरला होता, माझ्या वडिलांचं नाव घेऊन. बाकीचे दिवस आणखी कोणीतरी भरला असणार, एवढं कळायला विज्ञानाची पदवी लागत नाही. पण आमच्याकडे दिलेलं बोलून दाखवत नाहीत. बोललं की पुण्य गेलं, हे आम्हाला दुधाच्या दातांबरोबर शिकवलेलं असतं. शिवाय ती म्हातारी किती वर्षांनी हसत होती! मी गप्प बसले. सभोवती आठदहा शेजारणी होत्या, त्याही गप्प बसल्या. कोणी कोणाकडे बघितलंसुद्धा नाही.

गोष्ट नदीपार गेली आणि तीन आठवड्यांत शेख अबुल वफा आला. कुठून आला ते कोणी विचारलं नाही. त्याने शाजलीला संत केलं, बोरीला हिरवं कापड बांधलं आणि दुपारची वेळ फरिश्त्यांना देऊन टाकली. गर्दी वाढली. पिणारे घोटच घ्यायचे, तरी दिवसाला सहासात बादल्या पाणी लागायला लागलं. तेव्हा माझी खात्री पटली की आता भरणारा हा लबाडच आहे, कुठेतरी नळी लपवलेली आहे, आणि ती मी शोधून काढणार. माझी गुरुवारची एक बादली मी चालूच ठेवली होती. ती वडिलांच्या नावाची होती. शेखाशी तिचा काय संबंध, असं मला वाटायचं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बुदूरला नेहमीसारखी पिशवी चढवून आणली. त्यानंतरच्या शुक्रवारी बखीत तिला रांजणाकडे घेऊन आला. शेखाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, घोटभर पाणी पाजलं आणि लोकांकडे वळला.

"मातीचं भांडं जो रोज भरतो," तो म्हणाला, "तो एवढंसं लेकरू भरणार नाही?"

लोक अक्षरशः हुंदके देऊ लागले. त्या एका वाक्यानेच माझा घात केला. त्यात तोडायला काहीच सापडत नव्हतं. भांडं भरत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

पुढचे दोन आठवडे बुदूर टुणटुणीत होती. "गाल बघा, गाल!" असं म्हणत सनिया तिला घरोघर फिरवत होती. ती लाली कनात चढवलेल्या पिशवीची होती, पण शेखाने ती रांजणाच्या खात्यावर टाकली. तीन आठवडे झाले, पाळीवाला माणूस नूबीकडे आला, तर नूबीने त्याला परत पाठवलं.

"आता गरज नाही म्हणे," नूबी मला म्हणाला. "बखीत स्वतः सांगून गेला. वरून भरायला लागल्यावर आपण खालून काय भरणार, बाई?" आरशावरचा कागद त्याने काढला नव्हता, पण त्याच्यावर रांजणाचं चित्र चिकटवलं होतं.

मी तशीच बखीतकडे गेले. भांडले. पाच बोटांत मावेल एवढं विज्ञान सांगितलं, मग विनवण्या केल्या.

"तुम्ही तिची शीर शोधताना बघितलंय का, बाई?" सनिया म्हणाली. "पाचपाच वेळा टोचतात. ती ओरडत नाही, नुसती माझ्याकडे बघते. मला ते आता बघवत नाही."

"सनिया, ती मरेल गं."

"तोंडातून अभद्र काढू नका!" बखीत उभाच राहिला. मग खाली बसला, माझ्या पायाशी. "बाई, तुम्ही मला शाळेत शिकवलंत. मी ढ होतो, पण एवढं समजतं. मला एकच सांगा. रांजण कोण भरतं? ते दाखवा, उद्या हिला कनाला घेऊन जातो. तुमची शपथ."

"दाखवीन," मी म्हणाले.

जून गेला. मी एका सकाळी शेख न्याहारीला गेलेला बघून तिवईखालची जमीन उलथण्याने उकरली. नळी नव्हती. बोरीच्या खोडावर ठोकून बघितलं, भरीव होतं. मावशीच्या भिंतीचा तळ चाचपला. मग मी शेखामागे लागले; भरणारा तोच असणार, म्हणून रांजणावर नजर ठेवायचं डोक्यातच आलं नाही. मशिदीच्या पाहुण्यांच्या खोलीत तो दुपारी झोपायचा. खोलीसमोरच्या सावलीत मी सलग तीन दुपारी पुस्तक घेऊन बसले, त्याचं घोरणं ऐकत. खोलीला दुसरं दार नव्हतं. तीनही दिवस शेख खोलीबाहेर पडला नाही आणि तीनही दिवस रांजण भरला.

तिसऱ्या दिवशी माझी खात्री डळमळली. खोटं कशाला सांगू, घरी जाताना मी झाकण उघडून एक घोट प्यायलेसुद्धा.

जुलै लागला तेव्हा बुदूर उठेनाशी झाली. कातडी मेणासारखी पिवळी, ओठ पांढरे, चार शब्द बोलली की धाप लागायची. बखीतचं घर मावशीच्या घरासमोरच, मध्ये फक्त ती बोर. सनियाने तिची बाज खिडकीपाशी ओढली होती, की संताची नजर राहावी. शाळेला सुटी होती. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचे, गणितं घालायचे. तिला गणितं आवडायची.

त्या गुरुवारी मी गेले तर तिने पाटी बाजूला ठेवली.

"बाई, कोणी चांगलं काम केलं आणि दुसऱ्याने ते सांगून टाकलं, तर त्याचं पुण्य पुसलं जातं?"

"का गं?"

"सांगा ना."

"कोणाचं काम, बुदूर?"

तिला धाप लागली. मग म्हणाली, "तुमचं. तुम्ही आज आला होतात. निळी बादली."

माझी बादली निळीच आहे.

"दुपारी सगळे झोपतात, मला झोप येत नाही," ती म्हणाली. "सोमवारी नूबीकाका येतो, दुकानातली पत्र्याची बादली घेऊन. मंगळवारी भाकरीच्या भट्टीवाली आजी येते, ती डोक्यावरून आणते. होडीवाला रोजच येतो. शनिवारी तर एकामागून एक सात जण येतात, पण एक गेला की मगच दुसरा. कोणी कोणाला बघत नाही. मला मात्र सगळे दिसतात, आणि मी दिसले की सगळे असं करतात." तिने बोट ओठांवर ठेवलं. "तुम्ही पण केलं होतं, बाई. मी खिडकीपाशी आले त्या पहिल्याच गुरुवारी."

केलं होतं. मला आठवलं. खिडकीत पोरगी दिसली, मी हसून ओठांवर बोट ठेवलं आणि बादली ओतली. दोन महिने मी ज्या हाताच्या शोधात गावभर फिरत होते, तो माझ्याच खांद्याला होता. शेखाने पाणी भरलंच नव्हतं. त्याला भरायची गरजच नव्हती. या गावाची रीत त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखली आणि फक्त एक काम केलं, दुपारी रस्ता मोकळा करून दिला. प्रत्येकाला एकांत मिळाला. प्रत्येकाने आपापल्या मेलेल्या माणसाच्या नावाने एक बादली ओतली आणि प्रत्येकाला वाटलं, माझ्या एका बादलीने काय होतं, बाकीचं वरून येतं.

"तू आईबाबांना का नाही सांगितलंस, बाळा?"

"सगळ्यांचं पुण्य गेलं असतं ना."

मी बखीतला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पोरगी तापाने बरळते, बाई."

"मी स्वतः ओतते, बखीत! दर गुरुवारी!"

"तुम्ही एक बादली ओतत असाल. तिथे सात लागतात. बाकीच्यांनी माझ्या तोंडावर म्हणू दे." त्याची नजर तिच्याकडे जात नव्हती. आता मागे फिरायचं म्हणजे हे दोन महिने स्वतःच्या हाताने घालवले असं कबूल करायचं, आणि कोणत्या बापाला ते जमेल? पुढचा दिवस शुक्रवार होता. मी त्याच संध्याकाळी तिला उचलून न्यायला हवं होतं. नेलं नाही.

शुक्रवारी गर्दी जमली. शेखाने झाकणावर हात ठेवला आणि विचारलं, "दुपारी इथे कोण थांबलं?"

"कोणी नाही!"

"मी थांबले होते," असं म्हणत मी पुढे गेले. हातात निळी बादली होती, भरलेली. मी शेखाचा हात बाजूला केला, झाकण काढलं आणि सगळ्यांच्या देखत बादली रांजणात रिकामी केली. "मार्चपासून दर गुरुवारी ओततेय. माझ्या वडिलांच्या नावाने."

"दिखावा!" शेख गरजला. "दान बोलून दाखवते ही बाई! बापाचं पुण्य चव्हाट्यावर मांडते!"

"बाई, असं सांगू नये हो," भट्टीवाली आजी कळवळून म्हणाली.

"तू मंगळवारी येतेस ना, आजी?"

ती खाली बघायला लागली. मी नूबीकडे बघितलं. त्याने मान फिरवली. होडीवाला गर्दीत मागे सरकला. माझ्या लक्षात आलं की हे लोक खोटं बोलत नाहीत, ते आपल्या आईबापांचं, मेलेल्या लेकरांचं पुण्य सांभाळतायत. माझ्या ओरडण्याने त्यांची तोंडं उघडणार नव्हती.

तेवढ्यात वसीला मावशी काठी टेकत दारातून बाहेर आली. ती थेट माझ्यापुढे येऊन थांबली.

"म्हणजे माझा शाजली भरत नाही?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्या म्हातारीचा शाजली त्या दिवशी मी दुसऱ्यांदा मारला.

ती गर्दीकडे वळली. "माझ्या पोराच्या रांजणात कोणी कोणी पाणी घातलं ते मला समजू दे. दुसऱ्या कोणाला सांगू नका. मी त्याची आई आहे, मला सांगा."

मग नूबी पुढे आला आणि लहान मुलासारखं तोंड करून म्हणाला, "सोमवारी मी, मावशी. माझ्या मुलीच्या नावाने. ती जन्मली आणि लगेच गेली ना, तिच्या."

"मंगळवारी मी," भट्टीवाली आजी म्हणाली.

"मी रोज एक. भाऊ बुडाला तेव्हापासून."

"शनिवारी मी."

"शनिवारी? मीपण शनिवारी!"

"मी तर नुसता घाबरून ओतायचो, मावशी. एखाद्या दिवशी भरला नाही तर गावाची फजिती व्हायची, म्हणून."

हात वर होत गेले. कोणी मोजले नाहीत. शेखाचा चेहरा क्षणभर उतरला, पण माणूस पक्का, लगेच सावरला. "मग झालंच की!" तो दोन्ही हात पसरून म्हणाला. "तुमचे हात कोणी हलवले? वरच्यानेच ना? हाच तर चमत्कार, बंधूंनो!"

"शेख."

तो बखीत होता. त्याच्या हातांवर बुदूर होती, चादरीत गुंडाळलेली, आणि तिच्या श्वासाचा आवाज मला पाच पावलांवरून ऐकू येत होता.

"पाणी या हातांनीच यायचं होतं," बखीत म्हणाला, "तर माझ्या पोरीचं रक्तही या हातांनीच यायचं होतं ना? मग तू त्यांना घरी का बसवलंस?"

उत्तरासाठी बखीत थांबला नाही. होडीवाल्याने पुढे पळत जाऊन टेम्पोवाल्याला उठवलं होतं.

टेम्पोत बुदूरचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मागून दुसरा टेम्पो, तिसरा टेम्पो, माणसं उभ्याने लोंबकळत येत होती. तिने डोळे उघडले.

"बाई, गेलं का त्यांचं पुण्य? माझ्यामुळे?"

"नाही गं राणी. सांगितल्याने काही जात नाही. मोठ्यांनी तुला चुकीचं शिकवलं. मी चुकीचं शिकवलं."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. ती पुन्हा काही विचारण्याइतकी शुद्धीवर आली नाही.

कनाच्या रुग्णालयात डॉक्टरबाईंनी तिला बघितलं आणि लगेच धावपळ सुरू केली. रक्त थेंबाथेंबाने चढवायला घेतलं, भरभर चढवलं तर हृदयाला झेपणार नव्हतं. बाहेरच्या बोळात आमचं अख्खं गाव बाह्या वर करून उभं होतं. नूबी सगळ्यांत पुढे. परिचारिकेने विचारलं, "इतके जण कशाला?" तर तो म्हणाला, "आमच्या पाळ्या राहिल्यात, ताई. सगळ्यांच्या राहिल्यात." एकोणीस पिशव्या भरल्या. विसाव्या माणसाला त्यांनी हात जोडून परत पाठवलं, ठेवायला जागा नव्हती.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी बुदूर गेली. पिशवी अर्धी उरली होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांना राग लपवता आला नाही. "जूनमध्ये आणली असती तर एक पिशवी पुरली असती," त्या म्हणाल्या. "एक!" मग सनियाचा चेहरा बघून त्या स्वतःच रडायला लागल्या.

आम्ही परतलो तोवर शेख अबुल वफा निघून गेला होता, मेंढ्यासकट. ऐकते, की दक्षिणेकडच्या एका गावात हल्ली एक दिवा तेलाशिवाय जळतो आणि तिथेही एक ठरावीक वेळ फरिश्त्यांची असते. मी दोनदा तिथे पत्र पाठवलं आहे. उत्तर नाही.

वसीला मावशी रांजण पुन्हा स्वतः भरते. खुब्यामुळे तिला अर्धीच बादली उचलते, उरलेली अर्धी समोरून सनिया घेऊन येते. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नाहीत. नूबीने आरशावरचं चित्र काढलं आहे. खालचा कागद फाटला, म्हणून नवा लावला, आणि त्यावर आता नुसत्या रक्ताच्या पाळ्या नाहीत. कोण कोणाला टेम्पोने दवाखान्यात सोडेल, अंध हाजींना पत्र कोण वाचून दाखवेल, बाळंतिणीच्या घरी भाकरी कोण देईल, सगळं नावानिशी लिहिलेलं आहे. काही म्हातारे अजून नाक मुरडतात. मुरडू देत. कनाला तशी आणखी अकरा मुलं आहेत, त्यांची तारीख आमच्या कागदावर असते आणि बखीत एकही चुकू देत नाही.

मला कोणाची श्रद्धा काढून घ्यायची नाही. मीही नमाज पढते, माझ्याही वडिलांच्या नावाने पाणी देते. मला एवढंच सांगायचं आहे की पाणी माणूस भरतो, रक्त माणूस देतो, भाकरी माणूस भाजतो. त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही, संत तर मुळीच असावं लागत नाही. एक बादली, एक दंड, एक दुपार पुरते. आपण दिलेलं आपणच लपवलं तर कोणीतरी येऊन त्यावर आपलं झाकण ठेवतो. म्हणून द्या, आणि शेजाऱ्याला सांगा की मी देतो, तूही ये. आणि जिथे कोणी म्हणेल की हे आपोआप होतं, तिथे लाज सोडून विचारा, कोण करतं? लगेच विचारा. आम्हाला विचारायला अकरा आठवडे लागले.